प्रवेशचाचणी आणि मुकुटबनची बोली

संगीत, नृत्य आणि नाट्य या विषयांच्या महाविद्यालयीन अभ्यासक्रमांना प्रवेश देताना गुणपत्रिकेला दुय्यम स्थान असते. तिच्यामुळे अर्ज करण्याची पात्रता सिद्ध होते एवढेच, आणि खरी निवड होते ती निवडमंडळासमोर काही मिनिटे प्रत्यक्ष सादर केलेल्या कलेवरून. या परीक्षेला सर्वत्र ‘ऑडिशन’ म्हणतात. शब्दाचे मूळ ‘ऐकणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे, आणि मराठीत आकाशवाणीच्या निमित्ताने रूढ झालेला ‘स्वरचाचणी’ हा शब्द त्या मूळ अर्थाच्या बराच जवळ जातो. नाटक आणि नृत्यात मात्र ऐकण्याइतकेच पाहणेही असल्यामुळे येथे ‘प्रवेशचाचणी’ हा शब्द वापरला आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन हे गाव आज कोळसा आणि सिमेंट यांमुळे ओळखले जाते. तालुक्याच्या एका बाजूला वणीचा कापूसपट्टा आहे, दुसऱ्या बाजूला तेलंगणाची सीमा आहे, आणि कोलाम, गोंड व बंजारा समाजांची वस्ती मोठी असल्यामुळे वऱ्हाडी, कोलामी, गोंडी, गोरमाटी आणि तेलुगू या भाषा येथील मुलाच्या कानावर लहानपणापासून पडत असतात. अशा गावातून कलाशिक्षणासाठी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यासमोर येणारी नावे ठरलेली आहेत: पुणे विद्यापीठात 1987 साली सुरू झालेले ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची 2003 साली स्थापन झालेली नाट्यकला अकादमी, छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, त्यातल्या त्यात जवळचे वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय, आणि पदवीनंतर दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, ज्याची स्थापना संगीत नाटक अकादमीने 1959 साली केली. यांपैकी कोठेही जायचे तर रस्त्याचे अंतर कापावे लागतेच. पण त्याहून मोठे वाटणारे अंतर भाषेचे, उच्चाराचे आणि वावरण्याच्या पद्धतीचे असते, आणि ते झाकण्यातच अनेकांचा तयारीचा काळ खर्ची पडतो. हा खर्च बहुतांशी वाया जातो, कारण चाचणीत जे मोजले जाते ते वेगळेच असते.

कलेचे परीक्षण कोणी आणि कसे करावे, हा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात सिद्धीचा, म्हणजे प्रयोगाच्या यशापयशाचा विचार करणारा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात परीक्षकांना ‘प्राश्निक’ असे नाव दिले आहे. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्विद्येचा जाणकार, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक अशी ती दहा जणांची यादी आहे. पहिल्या वाचनात ती विचित्र वाटते, परंतु तिच्यामागचा विचार व्यवहारी आहे: उभे राहण्याची ढब धनुर्धराने पाहावी, उच्चार व्याकरणकाराने ऐकावेत, स्वर आणि ताल गायकाने तपासावेत, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या अधिकाराच्या क्षेत्रात निर्णय द्यावा. आजच्या निवडमंडळातही शरीरचलनाचा शिक्षक उमेदवाराच्या खांद्यांकडे पाहत असतो, आवाजाचा शिक्षक श्वास कोठे तुटतो ते ऐकत असतो आणि दिग्दर्शन शिकवणारा समोरच्याला संहितेचा अर्थ किती कळला आहे याचा अंदाज घेत असतो. ‘त्यांना काय आवडेल’ हा उमेदवारांमध्ये सतत चघळला जाणारा प्रश्न यामुळेच निरर्थक ठरतो. ‘त्यांना’ एकच आवड नसते.

नोकरीसाठीच्या किंवा कार्यक्रमासाठीच्या निवडीत तयार कलावंत हवा असतो. आकाशवाणीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 1952 साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या काळात कलावंतांची श्रेणी ठरवण्यासाठी स्वरचाचणीची पद्धत कडकपणे राबवली गेली, श्रीकृष्ण रातंजनकर यांच्यासारखे विद्वान त्या कामात पुढे होते, आणि नाव मिळवलेल्या गायक-वादकांनाही परीक्षेला बसायला लावले म्हणून तिच्याविरुद्ध मोठा असंतोष उसळला. तेथे प्रश्न ‘आज हा कसा गातो’ एवढाच होता. महाविद्यालयाच्या प्रवेशचाचणीत तो ‘तीन वर्षांनी हा कसा गाईल’ असा होतो. त्यामुळे घोटून घोटून गुळगुळीत केलेले, पण आतून बंद झालेले सादरीकरण येथे मागे पडू शकते आणि थोडे ओबडधोबड, पण सूचना मिळताच बदलणारे सादरीकरण पुढे जाऊ शकते.

नाट्यविषयाच्या चाचणीत सामान्यतः पाठ केलेला उतारा सादर करावा लागतो. उतारा म्हणजे नाटकातील एका पात्राचे सलग भाषण किंवा स्वगत. तो दोन-तीन मिनिटांचा असावा, आरंभी पात्र ज्या मनःस्थितीत आहे तिच्यातून शेवटी ते दुसऱ्या मनःस्थितीत पोहोचावे, आणि उमेदवाराचे वय व पात्राचे वय यांत फार तफावत नसावी. या तिसऱ्या अटीकडे मराठी उमेदवारांचे हमखास दुर्लक्ष होते. 1970 साली रंगमंचावर आलेल्या ‘नटसम्राट’मधील वृद्ध नटाची भाषणे अठरा वर्षांच्या मुलांनी कंप पावणाऱ्या आवाजात म्हणून दाखवण्याची प्रथा इतकी जुनी आहे की परीक्षकांना त्यातले पुढचे वाक्य उमेदवाराच्या आधी आठवत असावे. नाटक थोर आहे; अडचण अशी की त्या भाषणांमागे श्रीराम लागू यांच्यापासूनच्या मोठ्या नटांच्या आवाजांची रांग उभी असते आणि नवखा मुलगा नकळत पात्राऐवजी नटाचा अभिनय करू लागतो. उतारा ज्या नाटकातला असेल ते नाटक संपूर्ण वाचलेले असणे ही किमान अपेक्षा असते, कारण ‘हे पात्र याआधीच्या प्रवेशात कोठे होते’ असा साधा प्रश्न विचारला की संकलनातून उतारा उचललेला उमेदवार अडखळतो.

मुकुटबनच्या विद्यार्थ्याला उतारा शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही, ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. महेश एलकुंचवार यांचा जन्म 1939 साली याच यवतमाळ जिल्ह्यातील पारवा या गावी झाला, आणि विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली 1985 साली रंगमंचावर आलेल्या त्यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकातील देशपांडे कुटुंब वऱ्हाडी बोलते. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी अनेकदा ‘य’ येतो, म्हणून ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. ‘मला’, ‘तुला’ यांच्याऐवजी ‘मले’, ‘तुले’ म्हटले जाते. आणि चालू असलेली क्रिया सांगताना ‘करतो आहे’च्या जागी ‘करून रायला’ अशी रचना येते. पुण्या-मुंबईच्या रंगमंचावर ही बोली पूर्वी बहुधा विनोदी नोकराच्या तोंडी असे. एका पडत्या घराची सगळी शोकांतिका तिच्यातून मांडता येते हे एलकुंचवारांच्या नाटकाने दाखवून दिले. पुण्यातल्या अभिनेत्याला ही भाषा परिश्रमाने कमवावी लागते. झरी जामणी तालुक्यातला विद्यार्थी मात्र ती घरातून घेऊन आलेला असतो आणि नेमकी तीच दडपून, वर्तमानपत्री मराठीत कोरडा उतारा म्हणून दाखवतो.

याचा अर्थ प्रमाण उच्चार शिकू नयेत असा नाही. ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’, ‘श’ आणि ‘स’ यांतील भेद स्पष्ट करता येणे नटाला आवश्यक आहे, कारण त्याला उद्या दुसऱ्या प्रदेशातले पात्र करायचे असते. दोन उतारे तयार करताना एक बोलीतला आणि एक प्रमाण भाषेतला निवडला तर परीक्षकांना उमेदवाराची कक्षा दिसते, आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालयासारख्या ठिकाणी हिंदीची भर पडते. राम शेवाळकरांच्या वक्तृत्वाचा वारसा ज्या वणीला आहे तिच्या शेजारच्या मुलांना घडवलेल्या मराठीची गोडी कशी असते हे वेगळे सांगावे लागू नये.

उतारा संपल्यावर बहुतेक वेळा परीक्षक एखादी सूचना देतात: हेच भाषण शेजारच्या खोलीत कोणीतरी झोपले आहे असे समजून म्हणावे, किंवा हसू दाबत म्हणावे, किंवा हाताने धान्य निवडत म्हणावे. पहिला प्रयत्न वाईट होता म्हणून सूचना आली, असा अनेकांचा समज होतो आणि ते खचतात. वस्तुतः सूचना येणे हे परीक्षकांना रस वाटल्याचे लक्षण असण्याची शक्यता अधिक. येथे पाहिले जाते ते हे की उमेदवार सूचना ऐकतो का, ऐकून क्षणभर थांबतो का, आणि नंतर खरोखर काही बदलतो का. त्यामुळे घरच्या सरावात एकच पाठ शंभरदा म्हणण्यापेक्षा तो दहा वेगवेगळ्या परिस्थितींत म्हणणे अधिक उपयोगाचे ठरते. भांडी घासताना, सायकल चालवताना, शेतात कापूस वेचताना म्हटलेले शब्द शरीराच्या एका ठरावीक पवित्र्याला चिकटून राहत नाहीत आणि पवित्रा बदलला तरी विसरले जात नाहीत. उत्स्फूर्त प्रसंगासाठी, म्हणजे जागेवर दिलेल्या विषयावर विनासंहिता केलेल्या अभिनयासाठी, गावचा आठवडी बाजार ही उत्तम शाळा आहे. वजनाच्या काट्याकडे पाहणारा शेतकरी आणि त्याच काट्याकडे पाहणारा व्यापारी यांच्या मानेत जो फरक असतो, तो कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

संगीताच्या चाचणीत पहिला प्रश्न असतो तो पट्टीचा. पट्टी म्हणजे गायकाने आपला षड्ज ज्या उंचीवर धरला ती उंची. हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून तिला ‘काळी एक’, ‘काळी चार’ अशी नावे पडली आहेत आणि साधारणपणे पुरुष काळी एक-दोनच्या आसपास, तर स्त्रिया काळी चारच्या आसपास गातात. खेड्यातील भजनी मंडळात वाढलेल्या मुलाची अडचण अशी असते की तेथे पट्टी मुख्य गायकाची असते, बाकीच्यांनी तिच्यात आपला गळा बसवायचा असतो, आणि ध्वनिवर्धकाच्या सवयीमुळे आवाज खालच्या सप्तकात कधी फिरलेलाच नसतो. स्वतःची पट्टी शोधून तिच्यात सहा महिने रियाज केल्यावर कित्येकदा लक्षात येते की आजवर गळा उगीचच ताणला जात होता.

दुसरी अडचण सूक्ष्म आहे. हार्मोनियम समविभागी सप्तकात लावलेली असते, म्हणजे तिच्यात सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग केलेले असतात. तानपुऱ्याच्या तारेतून नैसर्गिकपणे ऐकू येणारा शुद्ध गंधार त्या हिशेबात बसत नाही. अर्ध्या स्वराचे शंभर भाग कल्पिले तर हार्मोनियमचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे चौदा भाग चढा असतो. भजनाच्या गजरात हा फरक विरून जातो, पण शांत खोलीत दोन तानपुऱ्यांमध्ये बसून भूप किंवा यमन आळवताना, ज्या रागांचे सारे सौंदर्य गंधारावर उभे आहे, तो जाणत्या कानाला लगेच खटकतो. म्हणून चाचणीच्या निदान काही महिने आधी हार्मोनियम बाजूला ठेवून केवळ तानपुऱ्यावर, तो नसेल तर मोबाइलवरील तानपुऱ्याच्या ॲपवर, स्वर लावण्याचा सराव करावा लागतो. राग कोणता निवडावा याबाबत गुरूचे मत अंतिम मानले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र दहा मिनिटांत अवघड राग अर्धवट दाखवण्यापेक्षा साधा राग स्वच्छ गाणे परीक्षकांना अधिक सांगून जाते. बंदिशीची सम अनोळखी तबलजीबरोबर अचूक गाठता येणे हीही परीक्षाच असते, आणि तिच्यासाठी एकाच ओळखीच्या साथीदारावर विसंबून चालत नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा, विशारद अशा परीक्षा दिलेल्यांना परीक्षकांसमोर बसण्याची सवय असते. ज्यांनी त्या दिलेल्या नाहीत त्यांनी गावातल्या चार अनोळखी माणसांना समोर बसवून गाऊन पाहावे.

नृत्याच्या चाचणीत कथकचे तत्कार ठाय, दुगुन आणि चौगुन लयीत करून दाखवणे, भरतनाट्यमचे अडवू स्वच्छ असणे आणि थोडा अभिनय, इतक्या गोष्टी पुरेशा असतात. दागिने आणि रंगभूषा येथे कोणी पाहत नाही. अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे जे चार प्रकार भरताने सांगितले, त्यांपैकी आहार्य, म्हणजे वेषभूषा-रंगभूषेने होणारा अभिनय, प्रवेशचाचणीत जवळजवळ बाद झालेला असतो, आणि साधे, हालचालीला मोकळे कपडे हीच तेथील योग्य वेषभूषा ठरते.

शरीराची तयारी हा विषय घरगुती समजुतींनी भरलेला आहे. भीती वाटली की अ‍ॅड्रिनलिन हे संप्रेरक रक्तात वाढते, हृदय जोराने चालते, लाळ कमी होऊन तोंड कोरडे पडते, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो आणि हातांना बारीक कंप सुटतो. ही सगळी पळण्याची किंवा लढण्याची तयारी असते. शरीराला समोर वाघ आहे की प्राध्यापक, हे ठरवता येत नाही. रॉबर्ट यर्कीझ आणि जॉन डॉडसन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1908 साली उंदरांवरील प्रयोगांतून मांडलेल्या निरीक्षणाचा मानसशास्त्रात पुढे असा अर्थ लावला गेला की उत्तेजना मध्यम असताना काम चांगले होते आणि ती फार कमी किंवा फार जास्त झाली की बिघडते, त्यातही काम अवघड असेल तर बिघाड लवकर होतो. तेव्हा भीती पूर्ण घालवणे हे उद्दिष्ट असू शकत नाही. श्वास आत घेण्यास लागतो त्यापेक्षा अधिक वेळ तो सोडण्यास घेतला तर हृदयाची गती उतरते, आणि हा उपाय रांगेत बसूनही करता येतो.

घशाबाबत मुख्य गोष्ट अशी की प्यालेले पाणी, मध किंवा ज्येष्ठमध यांचा स्वरतंतूंना थेट स्पर्श होत नाही. गिळताना स्वरयंत्राचे दार बंद होते, तसे ते झाले नाही तर ठसका लागतो. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभराहून थोडे अधिक वेळा आणि स्त्रीचे सुमारे दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात, आणि त्यांना लागणारा ओलावा संपूर्ण शरीरातील पाण्यातून येतो. म्हणून ऐन वेळी घेतलेला घोट तोंडाला बरे वाटण्यापुरता असतो. खरे पाणी आदल्या दिवसापासून प्यावे लागते. विदर्भात उन्हाळ्याचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि प्रवेशाची धावपळ बहुधा याच दिवसांत किंवा त्यांच्या मागोमाग सुरू होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या साध्या सूचनेचे महत्त्व कळते.

मुकुटबनहून वणीमार्गे नागपूर किंवा वर्धा गाठून रात्रीच्या गाडीने पुण्या-मुंबईला उतरणारा उमेदवार सकाळी थेट चाचणीला गेला, तर जागरण, वातानुकूलित डब्यातील कोरडी हवा आणि गाडीच्या आवाजावर चढून मारलेल्या गप्पा यांचा परिणाम त्याच्या गळ्यावर दिसतोच. एक दिवस आधी पोहोचणे हा त्यावरचा उपाय, आणि तो खर्चाचा आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. शहरातल्या उमेदवाराला घरून न्याहारी करून येता येते. परीक्षा सर्वांना सारखी असते असे म्हणताना हा फरक सहसा हिशेबात धरला जात नाही. पुढील शिक्षणाच्या काळात राहण्याखाण्याच्या सोयीसाठी आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत, आणि ज्यांना तेथे जागा मिळत नाही अशा अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. परंतु त्यांचा लाभ घेण्यासाठी लागणारी कागदपत्रे, विशेषतः जात वैधता प्रमाणपत्र, हाती पडायला वेळ लागतो, तेव्हा ते काम उताऱ्याच्या पाठांतराआधी सुरू करावे लागते.

चाचणीनंतर तोंडी मुलाखत होते. कोणती नाटके पाहिली, कोणाचे गाणे ऐकले, असे तिच्यात विचारले जाते, आणि येथे ग्रामीण उमेदवार सर्वाधिक खोटे बोलतो. न पाहिलेल्या नाटकांची नावे घेतो आणि पुढच्याच प्रश्नाला पकडला जातो. दुसरीकडे, जे त्याने खरोखर पाहिलेले असते त्याला तो कलाच मानत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावी गायली जातात. खंजिरीच्या चामड्यावर बोटाचा दाब बदलून आवाज चढवण्या-उतरवण्याचे तंत्र हा तालशिक्षणाचाच भाग आहे. दिवाळीच्या सुमारास गोंड आणि कोलाम वस्त्यांमध्ये दंडार, म्हणजे समूहनृत्य, होते, आणि सीमेपलीकडील आदिलाबाद भागात तिच्याबरोबर मोरपिसांचे मोठे मुकुट घातलेले गुसाडी नर्तक नाचतात; त्या परंपरेतील कनक राजू यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. पूर्वेला चंद्रपूर-गडचिरोलीकडे झाडीपट्टी रंगभूमी आहे, जिची नाटके दिवाळीनंतरच्या हंगामात रात्रभर चालतात आणि जिच्यातील परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री देण्यात आली.

दंडारीत वर्तुळ कोणत्या दिशेने फिरते, पाऊल कोणत्या मात्रेवर पडते, बाई सोंग घेते की पुरुष, वाद्य कोण वाजवतो आणि ते वाजवण्याचा मान त्याला कसा मिळतो, याची माहिती देणारा विद्यार्थी निवडमंडळाला क्वचितच भेटतो. ती माहिती वडीलधाऱ्यांना विचारून, वहीत टिपून आणि जमल्यास दोन पावले स्वतः टाकून पाहून गोळा करायला दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचा वेळ पुरतो. आणि ‘तुमच्याकडे काय असतं?’ असे विचारल्यावर मुलाखतीच्या खोलीतच ती दोन पावले टाकून दाखवायला परवानगी मागता येते.